‘तेल आवश्यकतेनुसार’ लिहिणं थांबवाल का?

मा. संपादक यांस,
सप्रेम नमस्कार.

गेल्या रविवारच्या तुमच्या पुरवणीत एका पानावर वर ‘पोळी सोडा, वजन घटवा’ असा लेख होता आणि त्याच्याच खाली मेथीच्या वड्यांची कृती. साहित्यात मेथी दोन वाट्या, बेसन एक वाटी, तीळ दोन चमचे, हळद पाव चमचा, हिंग चिमूटभर. शेवटची ओळ होती, ‘तेल आवश्यकतेनुसार’. हिंगाची चिमूटसुद्धा सांगितली आणि तेल मोकळं सोडलं. ते पान मी दोनदा वाचलं. मग रात्रीची भांडी आवरली आणि हे पत्र लिहायला बसले.

मी पुण्यात सदाशिव पेठेत २००६ सालापासून खाणावळ चालवते. साठ मेंबर आहेत, दोन्ही वेळचे. बहुतेक सगळी स्पर्धा परीक्षांची मुलंमुली, सोलापूर, बीड, धाराशिव, नांदेड, यवतमाळकडून आलेली. मला काकू म्हणतात. माझं शिक्षण दहावीपर्यंतच झालं. पण इतकी वर्षं रोज साठ माणसं काय खातात, किती खातात आणि वर्षभरानं ते त्यांच्या अंगावर कसं दिसतं, हे मी वाढता वाढता बघत आले आहे. माझी भाची आहारतज्ज्ञ आहे. माझ्या वहीतले किराण्याचे आकडे घेऊन तिनं मला जे समजावलं, तेही या पत्रात येईल.

आधी पोळीबद्दल बोलते, कारण तिच्यावर अन्याय झाला आहे.

माझ्याकडे दोन तऱ्हेची मुलं जेवतात. काही पोलीस भरतीची. ती पहाटे पाचला उठून मैदानावर जातात, सोळाशे मीटर पळतात, गोळा फेकतात, पर्वतीच्या १०३ पायऱ्या चार-चार वेळा चढतात आणि उतरतात. बाकीची अभ्यासिकेत बसणारी. सकाळी आठला खुर्चीत बसली की रात्री अकराला उठणार, मध्ये दोनदा माझ्याकडे जेवायला आणि चार-पाचदा कोपऱ्यावर चहाला. ताट दोघांचं एकच. भरतीची मुलं एका बैठकीला सात-आठ पोळ्या खातात, वर भात घेतात, आणि त्यांच्या पोटाला चिमटीत धरायलाही काही सापडत नाही. अभ्यासिकेतली चार-पाच खातात आणि वर्षभरात त्यांच्या शर्टाची बटणं ताणली जातात. कणीक एकाच गिरणीची, लाटणाऱ्या मावशी त्याच. पोळीनंच माणूस सुटत असता, तर आधी भरतीची मुलं सुटली असती.

एक मुलगा तर मी दोन्हीकडे बघितला. सांगोल्याकडचा, आला तेव्हा ५८ किलोचा होता. दोनदा मैदानी चाचणीत थोडक्यात राहिला, तेव्हा त्यानं भरतीचा नाद सोडला आणि राज्यसेवेचा अभ्यास सुरू केला. पळणं बंद झालं, पण भूक पळणाऱ्याचीच राहिली. ताटावर बसला की हात आपोआप सातव्या पोळीपर्यंत जायचा. दीड वर्षात तो ७२ किलोचा झाला. गावाकडून त्याची आई आली होती, ती मला म्हणाली, “काकू, तुमच्याकडचं अन्न त्याला मानवलं.” मला त्या माऊलीला काय उत्तर द्यावं कळेना.

भाचीनं तेव्हा मला हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचा २०२० सालचा तक्ता दाखवला. ६५ किलो वजनाच्या पुरुषाचं काम बैठं असेल तर त्याला दिवसाला साधारण २११० कॅलरी लागतात. तोच माणूस अंगमेहनतीचं जड काम करत असेल तर ३४७०. बाईचा हिशेब ५५ किलोचा आहे, बैठ्या कामाला १६६० आणि जड कामाला २७२०. पुरुषाच्या दोन आकड्यांतला फरक १३६० कॅलरींचा. माझ्याकडे एक किलो कणकेच्या २८ पोळ्या होतात. तेल न लावता एक पोळी साधारण ११५ कॅलरीची. म्हणजे बसणाऱ्यात आणि राबणाऱ्यात दिवसाला अकरा-बारा कोरड्या पोळ्यांचं अंतर आहे. सांगोल्याच्या त्या मुलाला पोळी सोडायची गरज नव्हती. दिवस बदलला तसं ताट बदलायला हवं होतं, आणि हे त्याला कोणी सांगितलं नाही. मीसुद्धा नाही. मी आग्रह करून वाढत होते.

आता तेल.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी झाली आणि आठवड्याभरात माझी सगळी मुलं गावी गेली. २०२१ मध्ये खाणावळ पुन्हा उघडली तेव्हा तेलाचे भाव कडाडले होते. डबा घ्यायला गेले की छातीत धस्स व्हायचं. म्हणून मी पहिल्यांदा तेलाची वही वेगळी केली. आरोग्याचा विचार तेव्हा डोक्यातही नव्हता. वही बघून भाचीनं कागदावर हिशेब मांडला. पंधरा किलोचा डबा साठ माणसांना पाच दिवस पुरत होता. म्हणजे माणशी दिवसाला ५० ग्रॅम. पिठातल्या किंवा डाळीतल्या पिष्टाच्या नाहीतर प्रथिनाच्या एका ग्रॅमला चार कॅलरी, तेलाच्या एका ग्रॅमला नऊ. पन्नास ग्रॅमच्या झाल्या साडेचारशे. बैठं काम करणाऱ्या माणसाला वरून घातलेलं तेल-तूप सगळं धरून २५-३० ग्रॅम, म्हणजे पाच-सहा चमचे पुरतं. माझी मुलं माझ्याकडेच दहा चमचे खात होती. शिवाय बाहेरचा वडापाव, सामोसा, मिसळ वेगळी.

हे तेल जात होतं कुठे? निम्म्याहून जास्त फोडणीला आणि तळणाला, आणि बाकीचं, मला धक्का बसला, पोळीला. आमची घडीची पोळी. घडीत तेल, तव्यावर वरून तेल, मिळून अर्धा चमचा, अडीच ग्रॅम. सरासरी आठ पोळ्या धरल्या तर दिवसाला वीस ग्रॅम तेल माणूस पोळीतूनच खात होता आणि त्याला ते दिसतही नव्हतं. तुमच्या लेखात ज्या पोळीला दोष दिला आहे, त्यातला गव्हाचा वाटा किती आणि तेलाचा किती, हे लिहिणाऱ्यांनी बघायला हवं होतं.

फोडणीचं तर विचारूच नका. आमच्या मावशी डब्यातूनच कढईत तेल ओतायच्या. सैल हात, पण त्यांचाही दोष नाही, मीच तसं शिकवलं होतं. मी शंभर ग्रॅमची एक पळी आणली आणि आठ दिवस फक्त मोजलं, काही कमी केलं नाही. एका वेळच्या स्वयंपाकाला नऊ पळ्या जात होत्या. मग एकेक पळी कमी करत, दोन-अडीच महिन्यांनी, सहावर आणली. कांदा आधी तव्यावर कोरडा भाजून मग वाटायचा, लसूण-जिरं भाजून घालायचं, भाजीवर झाकण ठेवून झाकणात पाणी ठेवायचं, पापड तळायच्या ऐवजी भाजायचा. ही काही नवी युक्ती नाही, आपल्या आज्या हेच करत होत्या. पोळीच्या घडीतलं तेल बंद केलं, तव्यावरून उतरल्यावर बोटानं पुसट हात फिरवतो तेवढंच ठेवलं, ग्रॅमभर. आज तोच डबा नऊ दिवस जातो. माणशी २८ ग्रॅम. बावीस ग्रॅम कमी झालं म्हणजे दिवसाला दोनशे कॅलरी. एवढ्याच दोनशे कॅलरी चालून घालवायच्या म्हटल्या तर ६५ किलोच्या माणसाला चार किलोमीटर चालावं लागतं, माझ्या दारापासून पर्वतीच्या पायथ्यापर्यंत जवळजवळ जाऊन येण्याएवढं. चालणं हवंच, मी कोणाला अडवत नाही. पण साठातली किती जणं रोज चालणार आहेत? पळी मात्र माझ्या एकटीच्या हातात आहे.

पहिल्या महिन्यात दोन मेंबर सोडून गेले. म्हणाले, काकूंच्या भाजीवर तवंग दिसत नाही. खाणावळीचा हा मोठा प्रश्न आहे. भाजीवर लाल तर्री तरंगली की गिऱ्हाइकाला पैसे वसूल झाल्यासारखे वाटतात, आणि समोरच्या खाणावळीत ती तरंगत असते. ते दोघं गेल्यानं माझं नुकसान झालं, ते मी सोसलं. उरलेल्यांच्या जिभा वीस-पंचवीस दिवसांत रुळल्या.

तेलाचे जे पैसे वाचले ते मी डाळीत घातले. हे सांगताना मला जुन्या दिवसांची खंत वाटते. आमच्या धंद्यात वरणातली डाळ शोधावी लागते असं मुलं म्हणतात, ते खोटं नाही. साठ जणांना मी एक किलो तूरडाळ शिजवत होते, माणशी १७ ग्रॅम, त्यात प्रथिनं चार ग्रॅमसुद्धा नाहीत. ६५ किलोच्या पुरुषाला दिवसाला ५४ ग्रॅम प्रथिनं लागतात. आता दोन किलो शिजवते. आठवड्यातून चार रात्री मटकी, हरभरा, चवळी, मसूर यांची घट्ट उसळ असते आणि दुपारी दही. एक गोष्ट मी स्वतः टिपून ठेवली आहे. उसळीच्या रात्री कणीक किलो-दीड किलो कमी लागते. मी कोणाला पोळी नाकारत नाही, ताट अजूनही पोटभरच आहे. पण उसळ आणि कोशिंबीर पोटात गेली की पाचवी पोळी मागायला हात वर होत नाही. बटाट्याची पातळ भाजी आणि भात असला की हीच मुलं तीनदा भात मागतात आणि साडेदहाला पुन्हा कोपऱ्यावर भुर्जीपाव खायला जातात.

इथे मला माझ्या आईबद्दल लिहायचं आहे. माझं माहेर करमाळा तालुक्यातलं. १९७२ च्या दुष्काळात मी पाच वर्षांची होते. आई दुष्काळी कामावर खडी फोडायला जायची, तिथे सुकडी मिळायची, ती पदराला बांधून आमच्यासाठी आणायची. रेशनवर लाल मिलो, म्हणजे परदेशातून आलेली ज्वारी, मिळायचा, त्याच्या भाकरीला चव नव्हती. दुष्काळ सरल्यावरही घरात तेल यायचं ते बाजाराच्या दिवशी, काचेच्या बाटलीत, पावशेर. सात माणसं आणि आठ दिवस. भाचीनं परवा हाही हिशेब केला. माणशी दिवसाला पाच ग्रॅमही नाही. भाकरी पाण्याच्या हातानं थापलेली, तिला तेल लागतच नाही. आई तीन-तीन भाकरी खायची, उन्हात दिवसभर राबायची आणि काटकुळी होती. ते दिवस चांगले होते असं मी मुळीच म्हणणार नाही. आम्ही उपाशी झोपलो आहोत. म्हणूनच माझ्या हाती पैसा आल्यावर मी तेल सढळ हातानं घातलं. दुसऱ्याच्या पोराला कोरडं वाढणं मला पाप वाटायचं. माझ्या वयाच्या कितीतरी बायकांच्या हाताला हीच सवय आहे. ती आईच्या बाटलीतून आलेली आहे, तिला कोणी आळस किंवा अज्ञान म्हणू नये.

माझं स्वतःचं वजन २०२१ मध्ये ७९ किलो होतं. उंची १५२ सेंटिमीटर. मी सगळ्यांना सांगायचे, मी तर काहीच खात नाही, एकदाच जेवते. आणि ते मला खरंच वाटायचं. भाचीनं मला एक दिवस वही दिली आणि म्हणाली, मावशी, तोंडात जे जाईल ते लिही, जेवण असो नसो. त्या दिवशी मला कळलं. तळहातावर पळीभर आमटी घेऊन मीठ बघायचं, दोनदा. भजी तळताना पहिलं भजं. चार वाजता दुपारच्या उरलेल्या दोन पोळ्या चहात बुडवून, कारण टाकवत नाहीत. पाच चहा, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे ५० ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटना म्हणते २५ ग्रॅमच्या आत राहिलं तर उत्तम. आणि रात्री अकराला पातेल्याच्या तळाशी राहिलेला मसालेभात, उभ्यानं, पातेलं घासायला टाकायच्या आधी. खाणावळीतच नाही, घराघरांतल्या बायका असंच जेवतात. सगळ्यांच्या शेवटी, उरलंसुरलं, आणि त्याला जेवण म्हणत नाहीत. त्यांना ‘एक वेळ जेवा’ म्हणून सांगणाऱ्याला त्यांचं ताट कधी दिसलेलंच नाही, कारण ताट असतंच कुठे?

मी आता दुपारी बारा वाजता, मुलं यायच्या आधी, ताट घेऊन खाली बसून जेवते. चहा तीन, साखर एकेक चमचा. उरलेल्या पोळ्या मोजून आधीच कमी लाटतो. उसळीची वाटी आणि दही वाढवलं. वजा आणि बेरीज करून भाचीच्या मते माझा रोजचा फरक दोनशे कॅलरींच्या आसपास आहे. पहिल्या वर्षी माझे चार किलो गेले, दुसऱ्या वर्षी अडीच, तिसऱ्या वर्षी दीड. आता ७१ वर काटा थांबला आहे. मी निराश झाले होते, तेव्हा भाचीनं केविन हॉल नावाच्या अमेरिकी संशोधकाचं २०११ मधलं गणित समजावलं. रोजच्या शंभर कॅलरी कमी केल्या आणि तसंच चालू ठेवलं, तर शेवटी वजन साधारण चार किलोंनी उतरतं. त्यातलं निम्मं पहिल्या वर्षात आणि जवळजवळ सगळं तीन वर्षांत. शरीर हलकं झालं की त्याला लागणारं अन्नही कमी होतं, म्हणून काटा हळूहळू थांबतो. दोनशे कॅलरी, आठ किलो. माझा हिशेब तंतोतंत जुळला. काटा थांबला म्हणजे मी हरले, असं मला आता वाटत नाही. आठ किलो अजून परत आलेले नाहीत आणि जिना चढताना गुडघा बोलत नाही.

परत येण्यावरून आठवलं. माझ्याकडे पोलीस भरतीची एक मुलगी होती, वजन ६६ किलो. एका वजन घटवण्याच्या सेंटरमध्ये तिनं घरून आलेले पैसे भरले. त्यांनी दोन वेळा पाण्यात पावडर, एक वेळ काकडी-टोमॅटो आणि पोळी पूर्ण बंद असं सांगितलं. दोन महिन्यांत सात किलो गेले, सेंटरनं तिचा फोटो भिंतीवर लावला. पण मैदानात तिला आठशे मीटरला चक्कर यायला लागली आणि तिचा गोळा पूर्वीपेक्षा जवळ पडायला लागला. अंगातली नुसती चरबी गेली नव्हती, दंडातलं बळही गेलं होतं. पावडर परवडेना तेव्हा ती पुन्हा माझ्याकडे जेवायला आली. ती भूक मी विसरणार नाही. पाच महिन्यांत आठ किलो परत चढले. ती माझ्यासमोर रडली आणि म्हणाली, काकू, माझ्यातच जिद्द नाही. मला फार वाईट वाटलं. पहाटे पाचला उठून थंडीत पळणाऱ्या पोरीला जिद्द नाही? पुढच्या वर्षी तिनं तीन पोळ्या, दोन वाट्या उसळ, दही, अंडी, कमी तेलाची भाजी असं साधं जेवण घेतलं, धावणं चालू ठेवलं. वर्षाअखेर ६२ किलो झाली आणि पुढच्या भरतीत तिचं मैदान निघालं.

म्हणून ‘पंधरा दिवसांत पाच किलो’ या जाहिराती बघितल्या की माझा संताप होतो. एक किलो चरबीत साधारण ७७०० कॅलरी साठवलेल्या असतात. पाच किलोच्या ३८,५००. पंधरा दिवसांनी भागलं तर दिवसाला अडीच हजारांहून जास्त. बैठ्या पुरुषाचा दिवसाचा सगळा खर्चच २११० आहे. म्हणजे पंधरा दिवस पाण्यावर राहिला तरी पाच किलो चरबी जाणार नाही. जातं ते पाणी आणि मांस. हे गणित पाचवीतलं पोर करील. अशा जाहिराती तुमच्या पेपरातही येतात, संपादक साहेब. त्या घ्यायच्या आधी कोणीतरी हा भागाकार करावा.

जाता जाता वजनकाट्याबद्दल. मीही उत्साहात हात धुवायच्या बेसिनपाशी काटा ठेवला होता. चारच दिवसांत लक्षात आलं की दोन-तीन मुली गर्दी ओसरल्यावर, अगदी शेवटी जेवायला येतात. मी काटा उचलून आतल्या खोलीत नेला. ज्याला हवं तो दार लावून बघतो. वजनाची चर्चा चारचौघांत, ताटावर बसलेल्या माणसाशी कधीच करू नये असं माझं ठाम मत झालं आहे.

आणि काटा सगळं सांगतही नाही. माझे यजमान छापखान्यात होते. उंची १६५, वजन कायम ५८ किलो. हातपाय काडीसारखे. त्यांना ४७ व्या वर्षी साखर निघाली तेव्हा आमचा विश्वासच बसला नाही, कारण घरात जाडी मी होते. डॉक्टरांनी टेप मागवून त्यांचं पोट मोजलं, ९४ सेंटिमीटर. आपल्याकडे पुरुषांना नव्वद आणि बायकांना ऐंशी ही धोक्याची रेघ आहे. पुढे मला कळलं की या गोष्टीवरचं मोठं संशोधन आमच्याच गावात, रास्ता पेठेतल्या केईएम रुग्णालयात झालं आहे. डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःचा आणि लंडनच्या डॉ. युडकिन यांचा शेजारी शेजारी उभा फोटो छापला होता. दोघांचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजन किती ते सांगणारा आकडा, अगदी एक, २२.३. पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि आपल्या याज्ञिकांच्या २१.२ टक्के. पुण्याजवळच्या खेड्यांतल्या नवजात बाळांची त्यांनी मापं घेतली. सरासरी वजन २.७ किलो, इंग्लंडच्या बाळांचं साडेतीन. आपलं बाळ हाडामांसानं बारीक, पण कातडीखालची चरबी मात्र फारशी कमी नाही. किरकोळ दिसणाऱ्या आपल्या माणसांची पोटं आणि साखर इथून सुरू होते. म्हणून भारतीयांसाठी बीएमआय २३ च्या वर गेला की जपायला सांगतात, २५ ची वाट बघायची नाही. आणि म्हणूनच ‘मी बारीक आहे, मला तेल चालतं’ म्हणणाऱ्या मुलांनाही मी तीच भाजी वाढते.

तूप-तेलाशी माझं वैर आहे असा समज करून घेऊ नका. होळीला माझ्याकडे पुरणपोळीवर तूप असतं आणि ते मी मोजत नाही. महिन्यातून एक रविवार श्रीखंड-पुरीची फीस्ट असते, मुलं आदल्या दिवसापासून विचारतात. घरापासून लांब राहणाऱ्या पोरांना सणाचं जेवण मिळायलाच हवं. वर्षात असे वीस-पंचवीस दिवस. माझं बोलणं बाकीच्या तीनशे चाळीस दिवसांबद्दल आहे, ज्या दिवशी कुणाला काही विशेष खाल्ल्यासारखं वाटतही नाही आणि दहा चमचे तेल पोटात जातं.

माझी विनंती छोटी आहे. तुमची पुरवणी माझ्यासारख्या हजारो बायका कापून ठेवतात. माझ्या कपाटात २००८ पासूनची कात्रणं आहेत. परवा सगळी काढून बघितली, बहुतेक कृतींत ‘तेल आवश्यकतेनुसार’, ‘तळण्यासाठी तेल’, ‘फोडणीसाठी तेल’ एवढंच आहे. इथून पुढे प्रत्येक कृतीत तेल चमच्यांत लिहा, आणि कृती किती माणसांची आहे तेही लिहा, म्हणजे घरच्या बाईला माणशी किती पडतं ते समजेल. तळणीच्या पदार्थाला तळण्याआधी आणि तळल्यानंतर तेल मोजून किती मुरलं ते लिहिता येतं, मी करून बघितलं आहे, अवघड नाही. गोडाच्या पदार्थात साखरेचंही तसंच. कृती पाठवणाऱ्या भगिनींना अट घातली तर त्या आनंदानं मोजतील. हळद पाव चमचा मोजणाऱ्या बायका आहेत त्या.

मेथीच्या वड्या मी या बुधवारी साठ जणांना करणार आहे. वाफवून कापायच्या, मग तव्यावर सहा पळ्यांतल्या एका पळीत परतायच्या, असा बेत आहे. जमल्या तर माणशी तेलाच्या मापासकट कृती पाठवीन. छापण्याजोगी वाटली तर छापा. माझं नाव मात्र नको.

आपली नियमित वाचक,
एक खाणावळचालक,
सदाशिव पेठ, पुणे